मोहरीहून बारीक ऊस

संपादकांचा फोन आला. "बाई, तुम्ही इतकी वर्षं झाडांची बाळं वाढवलीत, त्यावर दिवाळीला काहीतरी लिहा." मी म्हटलं, अहो, मी जन्मभर बाटल्यांची झाकणं उघडली आणि परत लावली, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. कंटाळा आला तर पुढच्या पानांवर फराळाच्या पाककृती असतीलच. खुशाल तिकडे वळा, मला राग येणार नाही.

अंबाजोगाईच्या वेशीबाहेर ऊतीसंवर्धनाची एक प्रयोगशाळा होती. तिथं मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. ऊतीसंवर्धन हा शब्द फक्त आमच्या दारावरच्या पाटीवर होता. शेतकरी म्हणायचे 'टिशू'. टिशूची केळी, टिशूचा ऊस आणि आम्ही टिशूच्या बाया. काम म्हणाल तर असं, की झाडाचा अगदी बारका तुकडा घ्यायचा, जंतू मारून स्वच्छ करायचा, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा आणि बाटलीला झाकण लावायचं. नीट सांभाळलं तर त्या तुकड्याचं रोप होतं, एका रोपाची अनेक होतात, आणि सगळी हुबेहूब आईच्या तोंडावळ्याची. आम्ही त्यांना बाळं म्हणायचो. नवीन मुलगी कामाला लागली की तिला हसू यायचं, आणि महिनाभरात तीही बाळं म्हणायला लागायची.

साखरेची जेली म्हणजे बुरशीला जेवणाचं आवताण. त्यामुळे आमचं निम्मं आयुष्य स्वच्छतेत गेलं. डोक्याला टोपी, हाताला स्पिरिट, चिमटा प्रत्येक वेळी ज्योतीवर धरायचा, आणि शुद्ध हवेच्या कपाटासमोर बसलं की बोलायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. बाटल्या धुणारी आमची पद्मा म्हणायची, "बाई गप बसल्या म्हंजे समजायचं काम चालू हाय." पद्मा नसती तर आमची प्रयोगशाळा आठवड्यात बंद पडली असती, हे मी तिच्यासमोर कधी बोलले नाही, कारण तिनं लगेच रजा मागितली असती.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एकानं केळीची बाळं बाटलीसकट नेली आणि टीव्हीशेजारी मांडून ठेवली. लावायचं नाव नाही. विचारलं तर म्हणाला, "लई गोड दिसतंय, मातीत काहून घालायचं?" एक सासूबाई सुनेला घेऊन, दवाखान्याची फाईल घेऊन आल्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं बाटलीत बाळं होतात. मी चहा पाजला, बाळं दाखवली, आणि मेडिकल कॉलेजचा रस्ता समजावून सांगितला. सून जाताना गालातल्या गालात हसली, त्या हसण्यानं मला बरं वाटलं.

आता थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, यावर परीक्षा नाही.

उसाचं वाढं, म्हणजे पानांचा शेंडा, घ्या आणि एकेक पान सोलत जा. हिरवी पानं संपतात, पांढरी लागतात, मग इतकी नाजूक लागतात की श्वास लागला तरी हलतात. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एक चकचकीत घुमट दिसतो, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. सगळा ऊस, पानं, कांड्या, डोळे, सगळं त्या घुमटातून येतं. तिथल्या पेशींना मूळपेशी म्हणतात. त्या स्वतः काही होत नाहीत, होणाऱ्यांना जन्म देतात आणि आहेत तशाच राहतात. घरोघरी अशी एक बाई असतेच.

या घुमटात जनुकांची ओढाताण सतत चालू असते. एक जनुक खालून सांगतं, वाढा अजून, मूळपेशी होऊ द्या. मूळपेशी भरपूर झाल्या की त्याच वरून निरोप धाडतात, पुरे. पंगतीत आग्रह करणारा वाढपी असतो आणि ताटावर आडवा हात धरणारा पाहुणा असतो, तसा हा मामला आहे. वाढपी नसेल तर शेंडा संपतो. आडवा हात धरणारा नसेल तर शेंडा सुटतो आणि पसरतच जातो. तुमच्या दारातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा चपटा आणि वळ्यावळ्यांचा असतो ना, तो असाच पसरलेला शेंडा आहे.

धारूरकडचे एक गृहस्थ असाच पसरलेला एरंड घेऊन आले होते. खोड चपटं होऊन वर रुंद झालेलं, थेट नागाचा फणा. गावाचं दूध-हळद वाहून झालं होतं. म्हणाले, "बाई, ह्याची पन्नासेक रोपं करून द्या. गावोगाव नागोबा बसवतो." मी त्यांना वाढपी आणि पाहुण्याचं सगळं समजावलं, की याच्या आतला 'पुरे' म्हणणारा बिघडला आहे, बाकी काही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. देवाला पुरे म्हणणारं कोण असणार?" मी हात टेकले. रोपं मात्र करून दिली नाहीत.

पान कसं फुटतं तेही सांगते, कारण पुढे लागणार आहे. घुमटाच्या खांद्यावर एका जागी वाढीचा रस गोळा होतो. तिथल्या पेशींना 'तू लहानच राहा' असं सांगणारं जनुक गप्प होतं आणि त्या पानाच्या वाटेला लागतात. नवं पान आजूबाजूचा रस ओढून घेतं, म्हणून पुढचं पान त्याच्याशेजारी येत नाही, समोरच्या बाजूला येतं. उसाची पानं एक इकडे, एक तिकडे अशी असतात ती त्यामुळे.

आमच्या कामाची सगळी कसोटी इथं होती. झाडाला विषाणूचा रोग झाला तर तो सगळ्या अंगात शिरतो, पण त्या घुमटात शिरत नाही. म्हणून रोगट झाडाचा घुमट काढून वाढवला तर निरोगी रोप मिळतं. मात्र नुसता घुमट सहसा जगत नाही, त्याला सुरुवातीला एखाद्या कोवळ्या पानाची रसद लागते. आणि पानं जास्त घेतली तर त्यांच्याबरोबर रोगही येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घुमटात विषाणू का शिरत नाही हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. अलीकडे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की खालून 'वाढा' म्हणणारं जे जनुक आहे तेच विषाणूलाही दारात अडवतं. वाढपीच राखणदार निघाला. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन पद्माला सांगितलं. ती बाटली घासत म्हणाली, "एका पगारात दोन कामं. आपल्यावाणीच की."

तर आता रशीदचाचा.

रशीदचाचा माजलगावचे फळविक्रेते. कालव्यालगत त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता आणि त्यात ते पुंड्या ऊस लावायचे, खायचा ऊस. माजलगावात ऊस म्हणजे समुद्र आहे, पण तो सगळा कारखान्याचा, दाताला दगड. चाचांचा ऊस लहान मुलानंही दातानं सोलावा असा मऊ आणि रसाळ. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे पाच उसांची खोप करून तिच्यात लक्ष्मी बसवतात, पुढे तुळशीच्या लग्नालाही ऊस लागतो. माजलगावातल्या कितीतरी घरांत तो चाचांकडचाच यायचा. बेणं त्यांच्या वडिलांनी कुठूनसं आणलेलं, आणि तेव्हापासून दरवर्षी त्याच उसाची टिपरी तोडून पुन्हा लावायची, असं चाललेलं.

एकदा चाचा ओल्या गोणपाटात पानं गुंडाळून आमच्या दारात आले. "बाई, बघा बरं. हिराकस फवारलं, शेणखत घातलं, कायबी फरक न्हाई." पान उजेडाला धरलं तर हिरव्यावर फिकट पट्टे, तुटक तुटक. मोझॅक. विषाणूचा रोग, आणि तो बेण्यातूनच पुढे जातो.

मी म्हटलं, "चाचा, हे फवारून जाणार नाही. तुमच्या सगळ्या उसात आहे. शेंडे आणून द्या, आम्ही त्यातून निरोगी रोपं काढू. पण तो फड उपटून जाळावा लागेल."

"समदा?"

"सगळा. माव्याची कीड उडते आणि जुन्याचा रोग नव्यावर नेते. शेजारी कुणाकडे तुमचं बेणं आहे का?"

चाचा फिरून आले. ज्यांना ज्यांना त्यांनी बेणं दिलं होतं त्यातल्या काहींनी ते मोडून कारखान्याचा ऊस लावला होता, आणि राहिलेल्यांच्या पानांवर तेच पट्टे होते. पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, आन तुमच्या बाटलीत न्हाई आलं तर?"

गोड बोलणं मला जमत नाही. "न्हाई आलं तर गेलं, चाचा."

चाचा म्हणाले, "अब्बा म्हणायचे, थोडं बेणं दुसऱ्याच्या घरी असू द्यावं. आपल्या घरचं गेलं तरी राहतं. तुमच्या घरी ठेवतो, समजा." वाढी उतरवून गेले आणि त्याच आठवड्यात स्वतःचा फड आणि शेजाऱ्यांकडचाही तो ऊस उपटून जाळला. म्हणजे त्यांच्या वडिलांचा ऊस जमिनीवर कुठंच उरला नाही. जो होता तो आमच्या बाटल्यांत.

शेंडे मी स्वतः काढले. चांगले निघाले. एक मात्र जरा जास्तच बारीक कापला गेला, पानाशिवाय, नुसता घुमट. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून तोही एका बाटलीत ठेवला. बाकीच्यांना पानं आली, फुटवे आले, पानांवर पट्ट्यांचा मागमूस नाही. फुटवे सोडवून नव्या बाटल्या भरल्या आणि दसऱ्यापर्यंत एक मांडणी हिरवीगार झाली. त्या नुसत्या घुमटाची बाटली होती तशीच होती. पद्मा ती उजेडाकडे धरून विचारायची, "बाई, ह्यात काय हाय? जेलीच हाय नुसती."

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सुतार वाकस-पटाशी पुजतो, डॉक्टर कात्र्या पुजतात, आमच्याकडे चिमटे आणि पाती. पण हळद, कुंकू, झेंडू आणि उदबत्ती आमच्या खोल्यांत नेणं म्हणजे हातानं बुरशी पेरणं. म्हणून मी फार पूर्वीच तोड काढली होती. बाहेर व्हरांड्यात पाट मांडायचा, त्यावर जुने चिमटे, बोथट पाती आणि पद्माचा बाटल्या घासायचा ब्रश ठेवायचा, आणि काय हवी ती पूजा करायची. ब्रशला पहिला मान. देव काही आतबाहेर बघत नाही.

त्या वर्षी आमचे मालक प्रतापराव यांनी पंचक्रोशीतल्या पुढाऱ्यांना बोलावलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण फोटोचा भारी शौक. सकाळीच म्हणाले, "बाई, औंदा पूजा आत करू."

मी दारात उभी राहिले. "साहेब, आत नाही."

"तुमी म्हंजे एकदम सोवळ्याच्या."

"सोवळंच आहे हे, साहेब."

शेवटी तडजोड झाली. पाहुण्यांनी काचेतून बघायचं, पूजा व्हरांड्यातच. आत कुणी जाणार नाही, फक्त प्रतापरावांच्या आई, आईसाहेब, पाय धुऊन, टोपी घालून एक चक्कर मारतील. म्हातारीची इच्छा होती. आईसाहेब म्हणजे अतिशय प्रेमळ बाई, राहायच्या माजलगावला, मला लेकीसारखं वागवायच्या. मी हो म्हटलं. पाहुण्यांना दिसावं म्हणून प्रतापरावांनी उसाच्या सगळ्या बाटल्या काचेजवळच्या मांडणीवर आणवल्या होत्या. एरवी आम्ही दोन खोल्यांत विभागून ठेवायचो.

मी बाहेर पाहुण्यांना माहिती सांगत होते. प्रतापराव काचेकडे पाठ करून फोटोत हसत होते. बोलता बोलता माझं आत लक्ष गेलं. आईसाहेब एका हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं बाटलीचं झाकण लावत होत्या. अगदी हळुवार, टोपडं सारखं करावं तसं.

मी धावले. तोवर उशीर झाला होता. आईसाहेब शेवटच्या बाटलीपाशी पोचल्या होत्या. करंडा त्यांनी कमरेला खोचून आणला होता, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. मला बघून हसल्या. "अगं, तुमीच म्हणता ना बाळं हायेत. लेकरू रिकाम्या हातानं बघू न्हाई. आन ह्यो तर रशीदचा ऊस, माझ्या लक्षुमीचा. समद्यांना चिमूट चिमूट हळदकुंकू आन दोन दोन अक्षता घातल्या. ती मागची तेवढी रिकामी हाय, तिच्यात काय न्हाई, म्हणून सोडली."

त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं समाधान होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. प्रतापरावांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

आठवडा उलटायच्या आत जेलीवर कापूस दिसला. पांढरा, मग हिरवा, मग काळा. जी बाळं थोडी तगून होती ती काढून धुतली, औषधात बुडवली, नव्या जेलीवर ठेवली. पुन्हा कापूस. एकही वाचलं नाही. बुरशीच्या बाटल्या धुण्याआधी मोठ्या कुकरमध्ये उकळाव्या लागतात. पद्मा त्या कुकरमध्ये रचत होती आणि डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, रडू नको, आणि आतल्या खोलीत जाऊन मी स्वतः रडले.

प्रतापराव म्हणाले, "चाचाला मी सांगतो. एसी बंद पडला म्हणतो." मी म्हटलं, खोटं सांगायचं असेल तर मी नोकरी सोडते, खरं सांगायचं असेल तर मीच जाते. एसटीनं माजलगावला गेले. चाचा गाड्यावर सीताफळं रचत होते. बालाघाटाची सीताफळं तेव्हा जोरात असतात. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि रचत राहिले.

"आईसाहेबांनी घातलं?"

"हो."

"हळदकुंकू?"

"हो, चाचा."

त्यांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. "बाई, अब्बा असल्यापासून आमचा पैला ऊस त्यांच्या घरी जातो. फराळाचा डबा त्यांच्याकडून येतो. अब्बा गेले तवा त्या आमच्या दारात येऊन बसल्या होत्या. आता गाऱ्हाणं कुणाचं कुणाकडं करू?" मग आवाज बारीक करून म्हणाले, "त्यांना सांगू नका. म्हातारीनं दुवा दिलीय. त्या दुव्यानं पीक मेलं, हे कळलं तर ती पुना लक्षुमी बसवायची न्हाई."

मी मान डोलावली. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चार सीताफळं घातली. परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसले होते, पण खाववेनात. मागच्या बाटलीचं मी त्यांना बोलले नव्हते. तिच्यात सांगण्यासारखं होतंच काय?

ती बाटली तेवढी उरली होती. आईसाहेबांना रिकामी दिसली म्हणून झाकण उघडलं गेलं नाही, म्हणून बुरशी नाही. पण पानही नाही. पान नाही म्हणजे आज ना उद्या तो घुमट काळा पडणार, हे पुस्तकात लिहिलेलं आणि माझ्या अनुभवाचंही. मी तो नव्या जेलीवर घेतला. मूठभर जेलीत तो शोधायलाच केवढा वेळ गेला. वाढीचं औषध थोडं बदललं, थोडं शहाळ्याचं पाणी घातलं. शहाळ्याचं पाणी आमच्या धंद्यात खरंच लागतं, आजारी माणसाला द्यावं तसंच. रोज सकाळी आल्या आल्या मी आधी तीच बाटली बघायची. पद्मा चहा घेऊन दारात उभी असायची. मी मान हलवायची आणि ती निघून जायची.

त्या दिवाळीला आईसाहेबांकडे कारखान्याच्या उसाची खोप झाली. चाचांनी त्यांना एवढंच सांगितलं, की औंदा उसाची लागण साधली न्हाई.

थंडी सुरू झाली. एका सकाळी बाटली भिंगाखाली धरली तर घुमटाचा एक खांदा वर आलेला वाटला. मी चष्मा पुसला. खांदाच होता. आतलं 'लहानच राहा' म्हणणारं जनुक त्या एका जागी गप्प झालं होतं. पद्मा दारात होती. मी म्हटलं, "पद्मा, पान आलंय." ती चहा घेऊन आत यायला निघाली, मी ओरडले, "बाहेर!" कामात ओरडायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. तिला काचेतून दाखवलं. ती म्हणाली, "मला कायबी दिसंना," आणि तरी हसत सुटली. पुढे दुसरं पान आलं, समोरच्या बाजूला, उसाच्या रीतीप्रमाणे. तेव्हा मला खरा भरवसा वाटला.

मग मी कंबर कसली. एकाची दोन, दोनाची चार करत गेले. बाटल्या दोन खोल्यांत विभागल्या आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. प्रतापरावांनी एकदा दार उघडायला सांगितलं, तर मी म्हटलं, परत दसरा आला का? ते निमूट गेले. पानं तपासायला विद्यापीठात पाठवली, निरोगी असल्याचं आलं. मगच चाचांना बोलावलं आणि त्या मागच्या बाटलीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली, वळवून वळवून बघितली आणि म्हणाले, "अब्बाचाच हाय." त्या बोटभर पातीवरून त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ते खरं होतं. रोपं शेडनेटमध्ये ठेवून बाहेरच्या हवेला सरावू दिली, आणि पावसाळ्यात त्यांच्या त्याच तुकड्यात लागली. पहिल्या वर्षी चाचांनी एक कांडीही विकली नाही, सगळं बेण्याला ठेवलं.

त्याच्या पुढच्या दिवाळीपर्यंत मी निवृत्त झाले होते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चाचांचा फोन आला. "बाई, पैला ऊस आईसाहेबांकडं न्यायचाय. तुमी चला." गेलो. चाचांच्या खांद्यावर पाच ऊस, वाढ्यांसकट.

आईसाहेब आता फार थकल्या होत्या. डोळ्यांना अंधुक दिसायचं. पाटाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी ऊस हातानं चाचपला, कांडीवर नख मारलं, नख रुतलं. "रशीदचाच हाय," म्हणाल्या. मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "शैला, एक मनात हाय बघ. त्या खंडेनवमीला मी समद्या बाळांना हळदकुंकू दिलं. मागं एक बाटली होती, रिकामी वाटली म्हणून सोडली. नंतर जिवाला लागलं. लेकरू बारकं असंल, मला दिसलं नसंल. समद्यांना दिलं आन त्येच तेवढं राहिलं."

प्रतापराव दारात होते, ते खाली बघायला लागले. चाचांनी पाचातला एक ऊस काढला आणि आडवा करून आईसाहेबांच्या पुढ्यात धरला.

"आईसाहेब, त्येच हाय हे," ते म्हणाले. "आता द्या."

आईसाहेबांनी चाचपडत करंडा उघडला, बोटानं एकेका कांडीवर हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या. "केवढं झालं बाई," म्हणाल्या. मग चाचांनी सुतळी मागितली आणि ते खोप बांधायला बसले.